मामाचा हात आणि माझा पाय

“याला पुसा, वारा द्या, पण याच्या सांध्यांना काही म्हणजे काही लावू नका. हा कोरडा आहे म्हणून उभा आहे.”

मला घडवणाऱ्या सुताराचे हे शब्द. मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो ती तीन पायांची घोडी म्हणजे मी. माझे पाय चिवट लाकडाचे आहेत आणि पेच पितळेचे. प्रत्येक पायात दुसरा पाय सरकतो. पेच आवळला की लाकूड लाकडाला घट्ट धरून ठेवतं. माझी सगळी ताकद त्या धरण्यात आहे.

सुताराची सूचना ऐकणारा तेव्हा तरुण होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने मान डोलावली, मला खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं. पुढे त्याच्या बहिणीला मुलगी झाली, ती त्याला मामा म्हणू लागली, म्हणून मीही त्याला मामाच म्हणतो.

मामाचा एक नेम होता. दर वर्षी पानं पिवळी पडू लागली की दुकानाला एक आठवडा कुलूप लावायचं आणि डोंगरात जायचं. तेच विश्रामगृह, तीच पायवाट, कड्यावरचा तोच सपाट खडक. खाली गवताळ पठार, पलीकडे बर्फाची टोकं. सूर्य वर यायच्या आधी हरणं त्या पठारावर उतरत. मामा मला खडकावर उभा करायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि मगच कॅमेऱ्याला डोळा लावायचा. एकतीस वर्षं हा नेम एकदाही चुकला नाही. एका वर्षी तर अंगात ताप असताना तो आला होता.

त्या फोटोंचं कौतुक फार झालं. गिऱ्हाईक दुकानात घड्याळ विसरून भिंतीकडे बघत राही. “कॅमेरा फार छान आहे हं तुमचा,” असं म्हणे. पाय छान आहेत, असं मात्र कोणी म्हणालं नाही. वर्षाचे उरलेले दिवस मी कपाटावर, जुन्या गोधडीखाली पडून असायचो. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आपली आठवण कधी निघणार हे ज्याला माहीत असतं, त्याला वाट बघणं जड जात नाही.

मग मामाचे हात थरथरू लागले. एकदा मनगटी घड्याळाचा बारीकसा स्क्रू त्याच्या चिमट्यातून तीनदा पडला. तिसऱ्या वेळी समोरच्या गिऱ्हाइकाने वाकून तो उचलला आणि मामाच्या तळहातावर ठेवला. त्याच आठवड्यात मामाने दुकान बंद केलं.

“डोंगर आहे अजून,” तो भाचीला म्हणाला. “तिथे हात लागतातच कुठे? पाय याचे, डोळा कॅमेऱ्याचा. मी आपला लांब तारेचं बटण दाबणार. तेवढं एक जमतंय तोवर मी कामाचा आहे.”

हे भाचीने ऐकलं आणि मीही ऐकलं.

भाची कपडे शिवते. तिचं शिवणयंत्र म्हणजे तिचा जीव. दर आठवड्याला ती त्याच्या एकेका भोकात तेलाचा एकेक थेंब सोडते. त्या शरदात मामाबरोबर ती आली, ती तेलाची छोटी बाटली पिशवीत टाकूनच. कारण आदल्या वर्षीही ती सोबत होती, तेव्हा माझा पाय उघडताना करकरला होता आणि जवळ आलेला कोल्हा शेपटी उडवून पळाला होता. मामा तेव्हा नुसता हसला. पण तिच्या मनात ते राहिलं. सुताराची सूचना तिला ठाऊक नव्हती. मामाने ती कधी कोणाला सांगितलीच नव्हती.

पोचलो त्या संध्याकाळी मामा अंघोळीला गेला, तेव्हा तिने माझे तिन्ही पाय मांडीवर घेतले आणि सांध्यासांध्यात तेल सोडलं. खरं सांगतो मित्रांनो, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतक्या मायेने माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

सकाळी आम्ही खडकावर होतो. पाय उघडले, करकर नाही. भाचीने ओठ दाबून हसू लपवलं. हवा काचेसारखी स्वच्छ होती. पिवळ्या झाडीतून आधी दोन माद्या आल्या. त्यांच्यामागून मोठ्या शिंगांचा नर आला, तोंडातून वाफ सोडत. असा नर मामाने नऊ वर्षांत पाहिला नव्हता. उजेड कमी होता, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा थोडा जास्त वेळ उघडा ठेवायला हवा होता. मामाने तार हातात घेतली.

आणि माझा पुढचा पाय सरकू लागला. पडलो असतो तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. मी डोळ्याला दिसू नये इतका सावकाश, केसभर केसभर खाली जात होतो. मामाने सहा फोटो काढले. नर थांबला, आमच्याकडे बघितलं आणि झाडीत गेला.

मामाने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर फोटो पाहिले. सहाही फोटोंत शिंगं खाली ओघळल्यासारखी दिसत होती.

“तार ओढली गेली माझ्याकडून,” तो म्हणाला.

“मामा, उजेडच नव्हता रे.”

“उजेड होता. हात नव्हता.” त्याने तार गुंडाळली. “चल. झालं आता.”

माझा पाय घसरला, तुझा हात नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

विश्रामगृह चालवणाऱ्या काकू दारातच उभ्या होत्या. तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या चांगल्या.

“काय घड्याळजी, आज जावयाला चिखलासकट आत आणलंत?” त्या मला जावई म्हणत. तीन पाय टाकून मधोमध बसतो आणि हलत नाही, म्हणून.

“ठेवून घ्या त्याला,” मामा म्हणाला. “मी काही आता यायचा नाही.”

काकूंची थट्टा तिथेच थांबली. “असं हो काय बोलता?”

“कपडे वाळत घाला त्याच्यावर. लाकूड चांगलं आहे.”

मामा वरच्या खोलीत गेला. काकू पुटपुटत राहिल्या, पण ओले मोजे वाळवायचेच होते, आणि शेगडीजवळ मी रिकामा उभा होतो. एकतीस वर्षं ज्याने डोंगर डोक्यावर घेतला, त्याच्या डोक्यावर आता मोजे आले.

शेगडीच्या उबेने माझे सांधे सैल झाले. आत लपलेलं तेल बाहेर आलं आणि फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा पडला. भाची मोजे उलटायला आली होती. तिने थेंब पाहिले. माझा पाय धरून हलकेच दाबला, तर पेच आवळलेला असूनही तो आत गेला. ती तशीच खाली बसली.

पहिल्यांदा तिने काय केलं, तेही सांगतो. तिने पायाने ते थेंब पुसून टाकले. कोणाला कळलंही नसतं. मामाने हात टेकले होते, आणि बोल त्याच्या स्वतःच्या हाताला लागला होता. ती जिन्यापर्यंत गेली, परत आली, मला उचललं आणि मला घेऊनच वर गेली.

“मामा, चूक तुझ्या हाताची नव्हती. मी याला तेल लावलंय.”

मामा खिडकीशी बसला होता. “कशाला?”

“करकरतो म्हणून. काल. मशीनचं तेल.”

तो उठून माझ्यापाशी आला. मग त्याने माझा पाय दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, आणि त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

“अगं वेडे, घड्याळाला तेल दिलं नाही तर ते थांबतं. याला दिलं तर हा चालायला लागतो.”

“रागाव तरी.”

“रागावू कसा? सकाळपासून मी मला म्हातारा समजत होतो. तू मला परत आणलंस.”

“म्हातारा आहेसच तू.”

“आहे. पण तेवढा नाही.”

काकूंकडून स्पिरिट आणि जुनं धोतर आणलं. मामा सांगत गेला, कोणता पेच आधी सोडायचा, कोणत्या बाजूला फिरवायचा. बारीक पेच त्याच्या बोटांत ठरत नव्हते, म्हणून ते भाचीने काढले. तिने एकेक सांधा तीन वेळा पुसून कोरडा केला. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “जावयाला एवढी अंघोळ निजायच्या खोलीत कोणी घालत नाही हो.” मग स्वतःच वाकून फरशी पुसू लागल्या.

“परत जायचं म्हणून उद्या दहाच्या बसची तिकिटं मी काढून बसलोय,” मामा म्हणाला. “आणि माझे गुडघे आज बोलायला लागलेत. याचं ओझं घेऊन चढ व्हायचा नाही.”

“तू रिकाम्या हाताने ये. मी आधी जाऊन याला खडकावर उभा करते. वर दगडाची पिशवी टांगून बघत बसते, सरकतोय का. तू येशील तेव्हा पक्का उभा असेल. माझा शब्द.”

“तू? तुझं शिवणाचं दुकान उघडायला तुझी आई तुला हलवून उठवते.”

“बघ तू.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं असेल. त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याला काय चालतं आणि काय नाही, हे आधी कोणाला तरी विचारा. ठाऊक असेल त्याने ते दुसऱ्याला सांगून ठेवा. आणि एखादं काम बिघडलं, तर आपला हात संपला असं म्हणण्याआधी खाली वाकून पाय बघा.

पहाट फुटायच्या बेतात होती. भाचीने बूट हातात घेतले, मला खांद्यावर टेकवलं आणि जिन्याच्या कडेकडेने, पायऱ्या वाजू न देता खाली उतरली. पायरीवर बसून तिने नाड्या बांधल्या. गवतावर दव पडलं होतं. पठार अजून दिसत नव्हतं, हरणं येतील की नाही हेही ठाऊक नव्हतं. तिने एकदा माझा पेच चाचपून पाहिला आणि पायवाटेला लागली.