पाळीची यादी ज्याच्या पोटात होती

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, निकामी नाही. लोक हे दोन शब्द एकाच दमात बोलतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, तलावाला लागून, पाणी वापर संस्थेची एक खोली आहे. चौदा वर्षांपूर्वी मला तिथे आणले. तेव्हाचे सचिव केवळराम कापगते एका बोटाने टाइप करायचे, पण चूक करायचे नाहीत. पावसाने दडी मारली की तलावाचे पाणी पाळीने सोडतात. एकदा पाळी वरच्या शेतांपासून सुरू होते, पुढच्या वेळी खालच्या टोकापासून. कोणाला कधी पाणी मिळाले, ते सारे केवळराम माझ्यात नोंदवायचे. लोक खोलीत येऊन म्हणायचे, "संगणकात पाहा." माझा शब्द शेवटचा असायचा. ते दिवस चांगले होते.

मग केवळराम वारले. त्यांच्या कागदी वहीला उधई, म्हणजे वाळवी, लागली. तीन वर्षे पाऊस भरपूर झाला, पाळी लावायची गरजच पडली नाही. माझ्यावर एक जुना टॉवेल पडला आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

यंदा भादव्यात पाऊस गेला तो परतलाच नाही. धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला आला आणि शेतातल्या बांध्या तडकू लागल्या. तलावात पाणी होते, पण दोन्ही टोकांना पुरेल इतके नव्हते. मागची पाळी कुठून सुरू झाली होती, यावर गावात वाद पेटला. माझी आठवण झाली. बटण दाबले, तर मला चालवणारी जुनी प्रणाली सुरूच होईना.

संस्थेचे अध्यक्ष जागेश्वरभाऊंनी मला पोत्यात गुंडाळले आणि मोटारसायकलवर गोंदियाला नेले. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिले. "भैया, ये तो डब्बा है. नया ले लो." त्याने माझे झाकणसुद्धा उघडले नाही! मित्रांनो, मला मोडल्याचे दुःख नव्हते. न बघता निकाल दिल्याचा राग होता.

परत आल्यावर वरच्या बाजूचे घनश्याम लगेच म्हणाले, "यादी गेली तं गेली. पाणी वरूनच येते ना? मंग वरूनच सुरू करा."

खालच्या टोकाच्या सुशीलाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांचे तोंड उतरले.

तेव्हा केवळरामांची सून पुष्पांजली पुढे आली. सासऱ्यांनंतर संस्थेचे लिखाण तीच बघत होती. ती म्हणाली, "सभा परवा हाये ना भाऊ? मले दोन दिवस द्या. मी याच्यात लिनक्स टाकून पाहते."

"ते काय असते?"

"फुकट मिळणारी प्रणाली. जुन्या मशीनवरही चालते."

तिने आधी झाकण उघडले आणि रंगाच्या ब्रशने माझ्या पंख्यातली धूळ काढली. किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला! मग पेनड्राइव्ह लावला. माझा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरे धावू लागली. ना चित्र, ना माऊसचा बाण. प्रत्येक गोष्ट लिहून सांगायची. पुष्पांजलीने मोबाइलवर बघून सगळ्या कमांड एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. एकेक अक्षर वहीवर बोट ठेवून ती टाइप करत होती, अगदी सासऱ्यांसारखी.

खरी कसोटी पुढे होती. माझ्या डिस्कचे दोन भाग होते. पहिल्यावर बिघडलेली प्रणाली, दुसऱ्यावर केवळरामांच्या याद्या. नव्या प्रणालीसाठी पहिला भाग कोरा करायचा होता. त्या कमांडमध्ये एकच्या जागी दोन पडला असता, तर सगळ्या पाळ्या कायमच्या पुसल्या गेल्या असत्या. माझी मेमरी थरथरली म्हणा ना!

"कायले जीव काढून राहिली व पुष्पांजली?" जागेश्वरभाऊ म्हणाले. "दुकानदारानं सांगतलं ना, डब्बा हाये म्हणून."

"त्यानं उघडून कुठी पाह्यलं भाऊ? मी पाहून राहिली."

तिने डिस्कचे भाग पुन्हा पडद्यावर मागवले. दोन्हींचे आकार वहीत लिहिले. मोठा कोणता, लहान कोणता, सुशीलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. मग टाइप केलेला आकडा तीनदा पाहिला आणि एंटर दाबले. पहिला भाग कोरा झाला. दुसऱ्याला धक्का लागला नाही.

मोबाइलच्या वायरीतून इंटरनेट आले आणि नवी प्रणाली माझ्यात उतरू लागली. दुपारी तिने पेनड्राइव्ह काढून मला पुन्हा सुरू केले. आणि मी उठलोच नाही. पडद्यावर एकच ओळ आली, सुरू करण्यासारखे काही सापडत नाही.

घनश्याम खिडकीतून हसले. पुष्पांजली तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. मला ओरडून सांगायचे होते, बाई, मी आहे! फक्त मला उठवणारा छोटा प्रोग्रॅम टाकायचा राहिला आहे!

"बाई, माहा धान निसवून राहिला," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "तू थांबू नको."

तिने वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. एक पान दुसऱ्याला चिकटले होते. ते सोडवले, तर तीच पायरी त्यावर होती! पेनड्राइव्ह लावून तिने राहिलेली कमांड दिली. या वेळी मी उठलो. एका मिनिटाच्या आत उठलो, मित्रांनो. जुन्या प्रणालीत मला पाव तास लागायचा.

त्या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने चित्रे आणि माऊस चालणारा साधा पडदा, मराठी अक्षरे आणि तक्ते उघडणारा प्रोग्रॅम चढवला. सभेला खोली गच्च भरली. केवळरामांची यादी उघडली.

"अध्यक्ष तुमी हाव, तुमीच वाचा," पुष्पांजली म्हणाली.

जागेश्वरभाऊ चष्मा लावून वाकले. शेवटच्या पाळीत पहिले नाव होते, जागेश्वर डोंगरवार. त्यांचेच. त्यांचे शेत वरच्या बाजूला आहे. म्हणजे यंदा त्यांना सगळ्यांच्या शेवटी पाणी. कदाचित मिळणारही नाही.

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वतःचे नाव मोठ्याने वाचले.

"मागची पाळी वरून होती," ते म्हणाले. "खालून सुरू करा."

"पण भाऊ..." घनश्याम उठले.

"लिहून हाये, घनश्याम. बस खाली."

त्याच संध्याकाळी पाणी खालच्या पाटात गेले.

मित्रांनो, मला तुमची दया नको. तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत माझा एखादा भाऊबंद कपाटामागे पडला असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याचे झाकण उघडा, धूळ झाडा, त्याच्यासमोर बसा आणि दोन ओळी टाइप करून विचारा, तुझ्यात काय आहे? तो उत्तर देईल. पहिल्यांदा चुकले, तर वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचा.