सुतळीने बांधलेला मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे आणि मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. शाळेच्या बुटात घालतात त्या मोज्यांशी माझं नातं जोडू नका. मी घट्ट विणीचा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढणारा, पायातल्या फुगलेल्या शिरांना दाबून धरणारा मोजा. पायात रक्त साचू नये, ते वर हृदयाकडे जावं, म्हणून मला घालतात. कारखान्यात मला यंत्राने विणलं आणि एका बाईने चारचारदा ताणून बघितलं. ताणून बघतात म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, एवढं मी जन्मतःच शिकलो.

दिंडोरीच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या लताबाईंच्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी त्यांच्या वाट्याला आलो. "खराब शीर काढून टाकली. आता आयुष्यभर काळजी नको," असं ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. मला तेव्हाच शंका आली. आयुष्यभर काळजी नको, तर मग मला कशाला घ्यायला सांगितलं?

पण सुरुवातीची वर्षं चांगली गेली, हे कबूल करायला हवं. लताबाई दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभ्या असत, घडांतले जास्तीचे मणी कात्रीने काढत. संध्याकाळी बायकांना सांगत, "हा मोजा हाय म्हणून मी उभी हाय." असं ऐकलं की माझी वीणसुद्धा ताठ व्हायची. मग त्या मला धुऊन बागेच्या तारेवर उन्हात वाळत घालत. उन्हाची नियत मला कधीच सरळ वाटली नाही, आणि झालंही तसंच. माझा ताण गेला आणि मी घोट्याकडे घसरू लागलो.

लताबाईंनी मग बागेतल्या माणसाने करावं तेच केलं. बागेत काहीही सैल झालं की हात आधी सुतळीकडे जातो. वेलीची काडी असो, फाटक असो, डब्याचं झाकण असो, सुतळीने बांधायचं आणि कामाला लागायचं. त्यांनी माझी वरची कड दुमडली आणि गुडघ्याखाली सुतळीने करकचून बांधली. मी घसरायचा थांबलो. जगात एकतरी भली वस्तू भेटली म्हणून मी त्या सुतळीचे मनोमन आभार मानले.

पुढे पाय सुजू लागला. शिरा पुन्हा फुगल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली आणि तिथे एक जखम झाली. ती काही केल्या भरेना. लताबाईंचे यजमान झुंबर फवारणीचा ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणाले, "शीर काढली म्हणला व्हता ना डॉक्टर? मग ही आली कुठनं? काढलीच नसंल त्यानं." मलाही ते पटलं. तोवर शेजारणीने एक तेल आणून दिलं, खात्रीचं म्हणून. त्याने मी फक्त तेलकट झालो. मग घोटीच्या बाजारात बसणारा एक वैदू झुंबरना भेटला. तो म्हणाला, शिरेला चीर द्यायची, काळं रक्त काढायचं, दुखणं मुळापासून जाणार, खात्री. पुढच्या बाजाराच्या दिवशी जायचं ठरलं. मी पार घाबरलो. एवढी फुगलेली शीर कापल्यावर रक्त थांबवणार कोण? पण मोज्याला कोण विचारतं?

त्यांची मुलगी संजना नाशिकला कॉलेजात आहे. ती हटून बसली. "आई, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"डॉक्टरनंच तर फसवलं मला."

"मग ह्या दुसऱ्या डॉक्टरांना हेच विचार."

अशा रीतीने आम्ही सगळे, झुंबरसुद्धा, डॉक्टर तेजस्विनी यांच्यासमोर जाऊन पोहोचलो. त्यांनी सर्वांत आधी सुतळी सोडली. खाली कातडीत खोल वळ उमटला होता.

"ही कुणी बांधली?"

"मीच. मोजा खाली यायचा."

"मोजा रक्त वर ढकलतो, ताई, आणि ही सुतळी ते वाटेतच अडवते." मग त्यांनी मला हातात घेऊन ताणलं. "याच्यात दाब उरलाच नाहीये. असे मोजे सहा-आठ महिन्यांनी बदलावे लागतात. कुणी सांगितलं नाही?"

"नाय," लताबाई म्हणाल्या. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. साऱ्या जगावर संशय घेतला आणि गळ्याशी बांधलेल्या सुतळीवर तेवढा घेतला नाही.

डॉक्टरांनी लताबाईंना उभं करून पायाची सोनोग्राफी केली. आजारी बाईला उभं कशाला करतात, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. "उभं राहिल्यावरच कळतं रक्त कुठून मागे येतंय ते," त्या म्हणाल्या. "पहिल्या डॉक्टरांनी शीर काढली होती, त्यांनी फसवलं नाही. ही दुसरी शीर बिघडली आहे. ती लेझरच्या उष्णतेने आतून बंद करता येईल. बारक्या वाकड्या शिरांत औषधाचा फेस सुईने सोडता येईल, किंवा छोट्या चिरेतून त्या काढता येतील. नुसता नवा मोजा, चालणं आणि पाय उंच ठेवून बसणं, हाही मार्ग आहे. पण जखम आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नका, असं मी सांगेन."

"परत येईल का?" लताबाईंनी विचारलं.

आता हीही खात्री देणार, असं मला वाटलं.

"येऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "दरवर्षी दाखवायला या. आली तर लवकर कळेल."

"मग उपेग काय?" झुंबर पुटपुटले.

लताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तेलवालीनं खात्री दिली, वैदूनं दिली. पाय कुणी नीट बघितला? ह्या बाईंनी बघितला आन् खात्री दिली नाय. मी हितंच करणार."

लेझर झालं, फेसाची सुईही झाली. जखम हळूहळू भरली. आता पाय जमिनीवर टेकण्याआधी झुंबर रोज सकाळी त्यांना नवा मोजा चढवतात, आणि मी खिडकीपाशी पडून तो नीट चढला का ते बघतो. दुपारच्या सुट्टीत लताबाई बागेतल्या बायकांना पाय दाखवायला लावतात. बायका लाजून लुगडं खाली ओढतात. परवा एकीच्या सैल मोज्यावर सुतळी आणि तिच्याखाली तसाच वळ त्यांना सापडला. त्यांनी ती सुतळी कात्रीने कापली.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या घरात दिवसभर उभी राहणारी आई असेल, तर आज तिला पाय दाखवायला सांगा. ती म्हणेल, "काही नाही झालेलं." तिच्यावर विश्वास ठेवू नका.