मावशीचा अर्ज

"तुमच्यावर मारहाणीचा गुन्हा सिद्ध झालाय, ताई," बालगृहाच्या मॅडमनी माझा अर्ज बाजूला सारला. "भाचीला तुमच्याकडे सांभाळायला कसं देणार?"

झालाय ना. नाही कोण म्हणतंय? दहा वर्षांपूर्वी माझ्याच लाँड्रीत, माझ्या डोळ्यांदेखत, बहिणीच्या नवऱ्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. माझ्या हातात गरम इस्त्री होती. ती मी त्याच्या दंडावर टेकवली आणि सहा महिने तुरुंगात काढले. बहिणीने मात्र त्याच्याविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात ती तापाने गेली. चौथ्या दिवशी हा बाप सात वर्षांच्या पोरीला इथे टाकून मोकळा झाला. तिचं दप्तरसुद्धा दिलं नाही मेल्याने.

"खास बाब म्हणून अर्ज वर पाठवता येतो म्हणे," मी दात आवळून म्हटलं. "मी विचारून आलेय."

"येतो की," मॅडमनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारली. "फक्त इथे तिच्या वडिलांची सही आणा. त्यांची संमती लागते."

"त्याची?"

"हो. त्यांच्यावर कसलाच गुन्हा नाही."