डाव्या पायाचं माप

बूट पुन्हा गळून पडला.

त्याने तो उचलला, नाडी आणखी आवळली आणि नातीचा डावा पाय आत सरकवला. कामाच्या फळीवर बसलेल्या नातीने पाय झटकला. बूट टपकन खाली. ती खिदळली. तिला तो खेळच वाटला.

"नाना, पुरे आता," लेक म्हणाली. ती सव्वा वर्षाच्या पोरीला घेऊन आत्ताच गाडीतून उतरली होती; पिशव्या अजून दुकानाच्या दारातच होत्या. "नाही बसत तर नाही बसत."

"माझा बूट बसत नाही? चाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही."

"दुसऱ्या दुकानात गेलं असेल."

तो हसला नाही. हा जोड त्याने महिनाभर खपून शिवला होता, लेकीला पत्ता लागू न देता. उजवा साधा. डावा आत वळलेला, टाचेखाली चामड्याचे तीन थर, बाहेरच्या कडेला जाड तळ. नात जन्मली तेव्हाच काय तो त्याने तिचा डावा पाय पाहिला होता. तळवा आत मुरडलेला, टाच वर ओढलेली. तो पाय त्याला पाठ होता, कारण बायकोचा तसाच होता. लहानपणी तिच्यावर कुणी इलाज केला नव्हता. त्या पायाचं माप घेता घेताच दोघांचं जमलं, आणि पुढे दरवर्षी तिचा जोड तोच शिवत आला. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिच्या पायांच्या आकाराचे, बूट घडवायचे लाकडी फर्मे, एक सरळ आणि एक वाकडा, अजून समोरच्या खुंटीवर होते.

लेकीने फोनवर सगळं सांगितलं होतं. दर आठवड्याला डॉक्टर हाताने पाय थोडासा वळवतात आणि प्लास्टर घालतात. अशी सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागची आखडलेली शीर जराशी कापली. मग दांड्याने एकमेकांना जोडलेले बूट, आधी दिवसरात्र, आता फक्त झोपेत, चार वर्षांची होईपर्यंत. तो "बरं, बरं" म्हणायचा, आणि फोन ठेवला की स्वतःशी पुटपुटायचा, हाडं कुणाचं ऐकतात होय?

"मोजा काढ तिचा," तो म्हणाला.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. अंगठ्याने टाच दाबून पाहिली, घोट्याभोवती बोट फिरवलं. पोटरी जराशी बारीक. तळवा मात्र त्याच्या हातावर सपाट टेकला होता, टाचेसकट.

त्याने पाय सोडला नाही.

"काय झालं, नाना?"

"चुकलं. साफ चुकलं माझं." आणि तो इतक्या मोठ्याने हसला की नात दचकली, आणि मग तीही हसायला लागली.

"एवढी मेहनत वाया गेली आणि हसताय काय?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा माप चुकलं. मग हसू नको?"

जमिनीवर कागद पसरून त्याने नातीला उभं केलं आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. पट्टी लावली.

"डावा एक सूत लहान आहे."

लेकीचा चेहरा उतरला. "थोडा फरक राहील, असं डॉक्टर म्हणालेच होते."

"अगं, तुझ्या दोन पायांत दीड सूत आहे. लग्नातल्या चपला मीच शिवल्या होत्या. मांडवात सांगायचं होतं का?"

"नाना!"

तो उठला. खुंटीवरचा बायकोचा वाकडा फर्मा काढला, बाहीने पुसला. त्याला एक जुनी नाडी बांधली आणि तिचं टोक नातीच्या मुठीत दिलं.

नात निघाली. फळीपासून दारापर्यंत, उघड्या पायांनी, थपथप. फर्मा तिच्या मागे एका कुशीवर कलत, ठेचकाळत फरशीवरून चालला.

"हळू गं," तो म्हणाला. "तिला पळवत नेऊ नकोस."