क्रियापदासाठी मिशी

आमच्या कोशाच्या कचेरीत एक खुळचट नियम होता. इंग्रजी क्रियापद करून पाहिल्याशिवाय त्याचा मराठी अर्थ लिहायचा नाही. नियम साहेबांचा, म्हणजे मुख्य संपादकांचा. अंग मात्र दर वेळी मास्तरांचं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे शब्दांची मुळं शोधायला आले होते. ढकलणे, चिमटा काढणे, लोळवणे, सगळं त्यांच्यावरच करून झालं होतं. शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासता तपासता मी मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालायची. मास्तरांनाही घालायची. माणसानं सोशिक असावं, पण पायपुसणं होऊ नये.

मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. कोशावर नाव. त्यांची मुलगी परगावी मोठ्या हुद्द्यावर होती आणि बाबा म्हातारपणी कसली रद्दी चिवडत बसतात, असं चारचौघांत म्हणायची. तिच्या हातात छापलेलं नाव ठेवायचं होतं. साहेब म्हणायचे, "येईल हो मास्तर, शब्द आहे माझा."

मग 'पुल' आला. दुकानांच्या काचेच्या दारांवर लिहिलेला असतो तो, ओढा म्हणून सांगणारा. मास्तर त्याच्यामागे कित्येक दिवस हात धुऊन लागले होते.

"साहेब, आज आपण याला ओढणं म्हणतो," ते म्हणाले, "पण जुन्यात जुना अर्थ उपटणं. मेंढीची लोकर, पक्ष्याची पिसं. तिथून तो खेचण्यावर आला, दात काढण्यावर आला, पार वशिल्यापर्यंत पोचला. त्याच्या मागे मात्र खात्रीचं काही हाती लागत नाही. मूळ अज्ञात लिहितो."

"अज्ञात?" साहेबांचं पित्त खवळलं. "माझ्या कोशात अज्ञात काही नसतं. लिहा, आपल्या 'पुलक'वरून. पुलक म्हणजे अंगावरचा शहारा. केस उभे राहिले की उपटायला सोपे!"

सगळी कचेरी खो खो हसली.

"साहेब, हे खोटं आहे," मास्तर म्हणाले.

हसणं थांबलं. साहेब मात्र आता हसू लागले, आणि त्यांचं ते हसू मला चांगलं माहीत होतं.

"मग बघू या करून. मेंढी नाही आपल्याकडे, पण मिशी आहे. हूं की चूं न करता बसलात, तर तुमचं अज्ञात राहील. तोंडातून आवाज निघाला, तर पुलक."

मास्तरांची मिशी पांढरीशुभ्र आणि झुबकेदार होती. तिच्यासाठी खिशात वेगळा कंगवा असायचा. तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

साहेबांनी पहिला केस उपटला. मग दोन. मग चिमूटभर. "या रे, सगळ्यांनी या! फुकटात शिकायला मिळतंय." टंकलेखक आला, हिशेबनीस आला. कुणी लाजत लाजत उपटला, कुणी चवीनं. "शहारा येतोय का बघा!" कुणीतरी ओरडलं.

"साहेब, पुरे करा," मी म्हणाले.

"बाई, तुम्हाला मिशी नाही. तुम्ही आपलं काम बघा."

पुन्हा हशा. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ओठावर रक्ताचे ठिपके आले, खुर्चीच्या हातांवर बोटं पांढरी पडली. तोंड मात्र मिटलेलं राहिलं. एक बाजू सोलल्यासारखी झाली तेव्हा साहेब कंटाळले आणि त्यांनी रुमालाला हात पुसले.

"राहू दे तुमचं अज्ञात."

"आणि नाव?" मास्तरांनी विचारलं.

"येईल म्हटलं ना!"

कोश छापून आला त्या दिवशी मास्तरांनी मुलीला मुद्दाम कचेरीत बोलावून घेतलं. उरलेली मिशी त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. मुलीनं पहिलं पान उघडलं. तिथे एकट्या साहेबांचं नाव होतं. "प्रस्तावनेत बघा," साहेब लांबूनच म्हणाले. तिनं शेवटचा परिच्छेद शोधला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"क्रियापदांचे अर्थ पडताळताना पुढील साधनांचा फार उपयोग झाला. दोरी, शिडी, दोन उशा आणि..."

पुढे तिच्या वडिलांचं नाव होतं. तेही तिनं वाचलं, कारण थांबायला उशीर झाला होता. पहिली टाळी साहेबांनी वाजवली.

मास्तरांनी घाईघाईनं तिच्या हातातून कोश घेतला. पानं उलटत 'पुल'पाशी आले आणि बोट ठेवलं. "ते सोड. हे बघ. हे माझं आहे. हे मी बदलू दिलं नाही."

तिनं वाकून वाचलं. मूळ अज्ञात. मग वडिलांकडे पाहिलं, आणि तिच्या आवाजात रागही नव्हता, नुसती लाज होती.

"बाबा, माहीत नाही, एवढंच सांगायला तुम्ही इतकी वर्षं इथे येत होता?"

मास्तरांचा हात वरच्या ओठाकडे गेला. तिथे आता काहीच नव्हतं.

"हो," ते म्हणाले.