तीस फ्रेमचं कुलूप

गेमला तीस फ्रेमचं कुलूप धाकटीनेच घातलं होतं, आणि त्यामागचं कारणही तिनेच रचलं होतं.

मूळ गेम टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा. तो कॉम्प्युटरवर आणायचं काम तिच्या कंपनीला मिळालं. आता त्या गेममध्ये माणसाचं चालणं, पडणं, लिफ्टचं वरखाली होणं, सगळं फ्रेमच्या हिशोबाने बांधलेलं. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे तीस चित्रं, उमटली तर सगळं सुरळीत. वेग वाढवला की लिफ्ट वर जाते आणि माणूस तिच्या तळातून आरपार खाली. ते निस्तरणं धाकटीच्या वाट्याला होतं. साहेबांनी विचारलं की "होत आलंय" म्हणायची. झालं काहीच नव्हतं. किचकट काम म्हणून ती आज-उद्या करत राहिली आणि तारीख अंगावर आल्यावर वेग तीसच्या वर जाऊच नये असं सरळ कुलूप ठोकून मोकळी झाली. वर कंपनीच्या पानावर लिहूनही टाकलं, की सिनेमासारखा अनुभव यावा म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवला आहे. साहेबांना ते पटलं. गिऱ्हाइकांनी मात्र तिची बिनपाण्याने केली. महागडे मॉनिटर घेतलेल्यांना चित्र अडखळताना दिसत होतं, शिवाय चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

गेम खेळणारे जिथे वाद घालायचे त्या फोरमवर तिच्या बाजूने भांडणारा एकच जण होता, 'कवळीवाला'. हा तिचा थोरला भाऊ. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायचा, म्हणून तिथे हेच नाव घेतलेलं.

सुट्टीच्या दुपारी ती आईकडे गेली तर आईने दारातच सांगितलं, की दादाने जेवणाचं ताटही कॉम्प्युटरपुढे नेलंय, तुझ्यासाठी कोणाकोणाशी भांडत बसलाय. पुढच्या खोलीत बाबा शेजाऱ्यांना सिनेमाच्या अनुभवाविषयी समजावून सांगत होते. बाबांनी जन्मात एक गेम खेळला नव्हता. आल्या पावली परत फिरावं, असं तिला वाटलं.

दादाचा मॉनिटर नवाकोरा होता, तिच्या गेमसाठीच घेतलेला. त्याने हौसेने एकेक उत्तर वाचून दाखवलं. चांगल्या गोष्टीची डोळ्यांना सवय व्हावी लागते, असं त्याने कुणाला तरी सुनावलं होतं. त्याखाली लोकांनी त्याचे दात कवळीसकट त्याच्याच घशात घातले होते. रोज ज्यांच्याबरोबर खेळायचा त्या मित्रांनीही गटातून काढून टाकलं, हे त्याने हसत हसत सांगितलं. तिची मान वर होईना.

"दादा, ते सिनेमाचं खोटं आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून काम झालं नाही. ते झाकायला लिहिलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सेटिंगची फाइल उघडून कुलूप काढून बघितलं. लिफ्टमधून थेट खाली."

"मग भांडलास कशाला?"

"तू लिहिलं होतंस ना."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या शिव्या तिने पचवल्या होत्या, त्यांना काय कळतंय म्हणून. या माणसाला मात्र सगळं कळत होतं, आणि तरी तिच्या आळशीपणापायी तो रोज चारचौघांत स्वतःची शोभा करून घेत होता. आता ती खरं बोलली तर नोकरी तिची जाईल, पण हसं त्याचं होईल. तिने ते बोलूनही दाखवलं.

दादाने उष्टं ताट उचललं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"माझं मी बघतो. तू लिही."

तो ताट धुवायला गेला. ती बसली. कंपनीच्या पानावर लिहायची ती गुळगुळीत वाक्यंच आधी सुचत होती. ती तिने खोडली. शेवटी फोरमवर लिहिलं, 'कवळीवाल्याला हसू नका. तो माझा भाऊ आहे. खोटं मी बोलले.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं.

बाहेर बाबा अजून शेजाऱ्यांना सिनेमा समजावत होते. त्यांना थांबवायला ती उठली.