गुळातली चावी

धनराज जादूगार पाण्यात बुडून जिवंत बाहेर येतो, हे पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कसा येतो, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको नीलिमा.

खेळ असा असायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसापेक्षा हातभर उंच अशी लोखंडी टाकी, पुढची बाजू तेवढी जाड काचेची. धनराजच्या हातांत बेड्या ठोकायच्या, त्याला काठोकाठ भरलेल्या पाण्यात उतरवायचं, वर झाकण आणि झाकणाला प्रेक्षकांतल्याच कोणाचं तरी कुलूप. मग समोर पडदा. लोक मोठ्यानं आकडे मोजायचे आणि चाळीसच्या आसपास धनराज निथळत पडद्यापुढे यायचा. झाकण आतून कसं निघतं ते विचारू नका, तेवढं तरी बिचाऱ्याच्या धंद्याचं राहू द्या. बेड्यांचं मात्र सांगायलाच हवं. त्यांची चावी बोटाच्या पेराएवढी होती आणि ती गुळात असायची. टाकीत उतरण्याआधी नीलिमा नवऱ्याला ओवाळायची, गुळाचा खडा त्याच्या तोंडात द्यायची, आणि पुढे बसलेल्या बाया म्हणायच्या, "किती जीव लावते बापा नवऱ्याले!" लावतच होती. अकरा वर्षं त्या टाकीशेजारी घण घेऊन उभी राहणारी दुसरी कोण होती?

गुळातल्या चावीचं धनराजच्या आईलाही माहीत नव्हतं. रुखमाबाईचं कुंकू गेलं तेव्हा धनराज सात वर्षांचा होता. तेव्हापासून शुभकार्य म्हटलं की ती मागच्या मागे. खेळाच्या दिवशी लेक निघायच्या वेळेला ती मुद्दाम गोठ्यात जाऊन बसायची, आपलं तोंड त्याला आडवं जाऊ नये म्हणून. नीलिमा भांडायची.

"माय, असं काई नसते."

"तुहं खरं असंल बाई. पण पाण्यात तो जाते ना? मी काऊन जोखीम घेऊ?"

 नीलिमा रागारागानं ओवाळणीचं ताट घासायला घ्यायची.

त्या वर्षी गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, धनराजचा खेळ ठरला. सिंदेवाहीच्या पलीकडचं हे त्यांचं स्वतःचं गाव. दिवाळी होऊन गेलेली, हलके धान कापून झालेले, पावणेरावळे आलेले, दुपारी तीनलाच मैदान गच्च भरलेलं. सरपंच उर्वशीताईंनी माईक हातात घेतला. विधवांना मागे ठेवायचं नाही असा ठराव त्यांनी पावसाळ्यातल्या ग्रामसभेत भांडून पास करून घेतला होता.

"ठराव कागदावर ठेवाले नाई केला," त्या म्हणाल्या. "आज धनराजभाऊले त्याची माय ओवाळंल!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या गुणवंतरावांनी तेवढे हात बांधून घेतले. ठरावाला विरोध करणारे गावात तेच पहिले होते. दोघीतिघींनी गर्दीतून रुखमाबाईला अक्षरशः उचलून ट्रॉलीवर आणलं.

नीलिमाच्या हातात ताट होतं आणि ताटात तो खडा.  सासूच्या कानात सांगावं तर मध्ये उर्वशीताईंचा माईक. नाही म्हणावं, तर म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. जवळजवळ तीस वर्षांनी कोणीतरी तिला पुढे बोलावलं होतं.  असल्या वेळी ताट मागे घेणारी सून नीलिमा नव्हती.

"माय," ताट देत ती एवढंच म्हणाली, "खडा साराच द्याचा. एकदमच."

"हो वं, देतो ना," रुखमाबाई म्हणाली.

तिनं ओवाळलं. धनराज लहान पोरासारखा रडत होता, आणि फोटो काढणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की नीलिमाला पुढे फक्त पाठीच दिसत होत्या. गूळ तोंडात गेला. बेड्या पडल्या. रोज धनराज चावी जिभेनं गालाशी सरकवून मगच पाण्यात पाय घालायचा. आज त्याचं चित्त गुळावर नव्हतंच. आईकडे बघत बघत तो उतरला. झाकण पडलं, कुलूप लागलं, पडदा सुटला.

"एक... दोन... तीन..." मैदान मोजू लागलं.

चाळीस झाले. पन्नास झाले. लोकांना मजा येत होती, आवाज चढत होता. अठ्ठावन्नला आतून पत्र्यावर टाच आपटल्याचा आवाज आला. धप, धप, धप. तीनदा. ही त्यांची खूण होती, आणि अकरा वर्षांत ती एकदाही वाजली नव्हती.

नीलिमानं पडदा ओढून फेकला आणि काचेवर घण घातला. काच नुसती तडकली. आत धनराजचे डोळे विस्फारलेले, बेड्यांतले हात काचेला टेकलेले. दुसरा घाव. तिसरा घातला तेव्हा काच फुटली आणि सगळं पाणी पहिल्या दोन रांगांच्या अंगावर गेलं. पाण्यासोबत धनराज बाहेर आला, फळ्यांवर आपटला, खोकला, ओकला आणि त्यानं श्वास घेतला. नीलिमा त्याला शिव्या देत होती, पाठीत गुद्दे घालत होती आणि साऱ्या गावादेखत कवटाळून बसली होती.

 मग गुणवंतरावांचा आवाज आला. "मी सांगून राह्यलो होतो. ओवाळाचं कोणी अन् कोणी नाई, हे जुन्या लोकाईनं उगाच नाई ठरवलं."

चारदोन माना हलल्या. मग आणखी हलल्या. उर्वशीताईंनीसुद्धा माईक खाली केला. रुखमाबाईनं पदर पुढे ओढला आणि ती ट्रॉलीच्या पायऱ्यांकडे निघाली. नीलिमाला त्या क्षणी लख्ख कळलं, की म्हातारी आज अशी खाली उतरली तर पुन्हा कधीच वर यायची नाही. मरेपर्यंत तिला वाटत राहणार, की मी लेकाला बुडवत होते.

नीलिमानं उर्वशीताईंच्या हातातला माईक ओढून घेतला.

"गलती माही आहे!" ती ओरडली. "बेडीची चावी गुळात असते. दरवेळी मीच घालतो. आज घालाची विसरली. मायचा काई दोष नाई!"

"ए पागल!" धनराज खोकत खोकत म्हणाला. अकरा वर्षांचं गुपित तिनं दोन हजार माणसांपुढे उधळलं होतं. मैदानात खसखस पिकली. गुळात चावी! एवढंच होतं होय!

रुखमाबाई मात्र पायरीवर थबकली होती. ती वळली आणि मूठ उघडून तिनं तळहाताकडे पाहिलं. मग हळूहळू माघारी आली, सुनेच्या हातातला माईक तिनं दोन्ही हातांनी धरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"लबाड बोलते ते," ती म्हणाली. "चावी गुळात होती. माह्या बोटाले टोचली. मले वाटलं तार आहे, कचरा आहे. लेकराच्या तोंडात कशी देऊ? मी काढून घेतली. हे पाहा." तिनं चावी उंच धरली. "माह्याच हातानं झालं."

नीलिमानं डोळे मिटले. आता गाव हिला सोडायचं नाही, असं तिला वाटलं.

"गुणवंतराव," म्हातारी म्हणाली, "तुमची माय असती तं तिनं तशीच राहू देली असती काय?"

ओल्या धोतरानिशी गुणवंतराव उठून उभे राहिले. काहीतरी कडक बोलणार असंच त्यांचं तोंड होतं. पण त्यांची नजर त्या चावीवर गेली.

"नाई," ते म्हणाले. "माह्या मायनंबी काढलीच असती."

आणि ते खाली बसले.

"माय, ते समदं नंतर," धनराजनं बेड्यांतले हात पुढे केले. "हे काढ पहिले, हात दुखून राह्यले."

रुखमाबाई लेकासमोर बसली. चावी कधी उलटी लागायची, कधी घसरायची. नीलिमा मदतीला वाकली तर म्हातारीनं तिचा हात बाजूला सारला. सारं गाव थांबलं होतं, कोणालाच घाई नव्हती. पाचव्या की सहाव्या खेपेला खट्कन आवाज झाला आणि बेड्या गळून पडल्या. लेकाचे गारठलेले हात आपल्या हातांत चोळत रुखमाबाई तिथेच बसून राहिली, सगळ्यांच्या समोर.